देखरेखीचा एक माणूस

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. इकडे माझंच काही खरं नाही. आमच्या खरेदी विभागात नऊ टेबलं होती, आता तीन उरलीत. गेलेल्या सहांची कामं आमच्याच गळ्यात. पूर्वी अडलेलं बेअरिंग वेळेत आणून मशीन सुरू केलं की दिवस सार्थकी लागायचा. आता तेही वाटेनासं झालंय.

आणि गंमत ऐक. आमचं सगळं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलंय, आणि त्याची कोटेशनं मीच मागवायची! साहेब म्हणाले, नीट कर, तुझी काळजी आहे मला. म्हणजे मला ठेवतील बहुतेक. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये देखरेखीला एक माणूस म्हणून जास्तीचा खर्च लावलाय. काय करू? बायकोला यातलं काही बोललो नाही, तूही बोलू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे, हे मला विचारतोस? एका पेन्सिलीच्या पैशात दोन आणणारा तू! तुला लांबून बघितलं की दुकानदार शटर ओढायचा. तो देखरेखीवाला आधी उडव. कुणीतरी आपला फुकट पगार खाणारा भाचा घुसवत असणार. साहेबांना दिसू दे तुझी करामत, मग बघू तुला कोण हात लावतं.

आणि बायकोला सांग रे बाबा. बाहेरून कळलं तर तुझी धडगत नाही. वेळेवर जेवत जा.

आहे तसाच लोभ ठेव.
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उडवला. तीन फोन केले. तो माणूस राहू द्या हो, म्हणून समोरचा काकुळतीला आला, तरी मी हटलो नाही. दर चार टक्क्यांनी उतरला. किती दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं! उत्साहाच्या भरात एक प्रत थेट मोठ्या साहेबांनाच पाठवली.

आमच्या साहेबांनी कागद वाचला आणि डोक्याला हात लावला. ती जागा त्यांनीच त्या कंपनीला सांगून माझ्यासाठी घालून घेतली होती गं. आधी का बोलला नाहीत म्हणून विचारलं. तर म्हणाले, कोटेशनं तूच मागवत होतास, तुला कसं सांगणार? आता वरून मंजुरी आलीय. महिनाअखेर माझा शेवटचा दिवस.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तुला काढून त्यांचं वाचलं किती? चार टक्के म्हणालो. एवढ्यासाठी मी भाजीवालीशीही वाद घालत नाही, म्हणाली आणि रडायला लागली.

रागावू नकोस.
धाकटा

२४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागावू कुणावर? उडव म्हणून लिहिणारी मीच. फुकट पगार खाणारा म्हटलं मी, माझ्याच भावाला. तुझं पत्र ह्यांना दाखवायचा धीर होत नाही.

शनिवारी दोघं येतोय, गुडघ्यासकट. माझं ते पत्र फाडून टाक. नाहीतर नको, राहू दे. तुझ्या बायकोपुढे मीच ते वाचून दाखवीन.

तिला म्हणावं, दार उघड.
ताई