बॅगा चार, मोजल्या नऊ

हिल्सबरो, ऑकलंड
२ ऑक्टोबर २०१६

ती. रमणमामांना गुरुनाथचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे पूर्ण वाकता आलेलं नाही; जितका वाकलो तितका पदरात घ्यावा).

तुमचा गुडघा कसा आहे? दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलात की अजून डॉक्टरच्या तारखेतच खोट काढताय? शांतामामी गेल्यापासून तुम्ही जेवण एकवेळ केलंय असं वसुंधराताई कळवते. ते आम्हा कोणालाच मान्य नाही, एवढं नोंदवून पुढे जातो. फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं, ठेव’ यापलीकडे बोलत नाही. मिरजेच्या नाट्यमंडळात चाळीस वर्षं प्रॉम्प्टिंग करून तुमचा स्वतःचा शब्दसाठा संपला असावा, असं सुचित्रा म्हणते. म्हणून पत्र. आम्ही सगळे खुशाल आहोत. ऋग्वेदा आता माझ्या खांद्याला लागली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी पेनरोजला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो (सुचित्राच्या माहेरी मी ‘पॅकेजिंग इंडस्ट्री’त आहे). पाच वर्षांपूर्वी तिथे घड्या घालणारं एक इटालियन यंत्र आलं आणि त्याचं माहितीपुस्तकही इटालियनमध्येच निघालं. साहेबांनी इंग्रजी प्रत मागवली. ती येईपर्यंत मी शब्दकोश आणि ग्रंथालयातल्या सीड्या घेऊन इटालियन शिकलो. प्रत अजून आलेली नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळात पुण्या-मुंबईचे इंजिनीअर, डॉक्टर पैशाला पासरी, पण इटालियन येणारा मी एकटा. हे मी प्रत्येक सभेत सांगत नाही. एक सोडून एका सभेत सांगतो.

तर गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या घरात मिरेल्ला नावाची नर्स राहायला आली आणि तिच्यामागोमाग नेपल्सहून तिचे वडील आले. एका रविवारी मी कुंपणाशी गेलो तर हे गृहस्थ लिंबाच्या झाडाला शिडी लावून वरच्या पायरीवर उभे, पायांत जँडल्स (इकडे स्लिपरना हेच म्हणतात), हातात करवत. मी काळजीपोटी इटालियनमध्ये ओरडलो. पण माझं इटालियन कुठून आलेलं, तर माहितीपुस्तकातून. त्यामुळे तोंडून निघालं ते असं: ‘सावधान! हलते भाग पूर्ण थांबेपर्यंत चालकाने यंत्रापासून दूर राहावे!’ म्हातारा करवतीसकट खाली उतरला, माझ्यासमोर येऊन टाचा जुळवून उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. मला वाटलं, माझ्या उच्चारांचा प्रभाव. नंतर कळलं की हा त्याचा धंदाच होता. त्याने सिनेमांत आठ वेळा शिपायाचं काम केलं होतं.

मामा, हा माणूस म्हणजे अत्तिल्यो कार्दोने. नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. इटलीतही कोणी ऐकलेलं नाही. पण शंभरावर सिनेमांत आहे. वेटर, स्टेशनमास्तर, वकिलाचा कारकून, टांगेवाला, पाद्री (पाद्री तो चौदा वेळा धरतो, पण त्यात एक बिशप आहे आणि बिशप वेगळा धरायला हवा, यावर आमचं अजून मिटलेलं नाही). काउबॉयच्या सिनेमांत हा तारमास्तर असायचा आणि पहिल्या दहा मिनिटांत मरायचा, कारण घोड्याला भितो. मरणं त्याने मला आमच्या लाउंजमध्ये करून दाखवलं. म्हणे, डोळे मिटायचे नाहीत. लांबून झोपल्यासारखं दिसतं. वेटरने वजन एकाच पायावर ठेवायचं, म्हणजे तो सकाळपासून उभा आहे हे न सांगता कळतं. मी ते लिहून घेतलं आणि मंडळाच्या पुढच्याच जेवणात पुऱ्या वाढताना वापरलं. दोघांनी मला खुर्ची आणून दिली.

आता त्याला हाक काय मारायची? पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपण नावाने कसं बोलावणार? गणपतीच्या तालमीला मी त्याला पहिल्यांदा हॉलवर नेलं तेव्हा सगळ्या पोरांना रांगेत उभं करून सांगितलं, म्हणा, नमस्कार काका. वीस पोरं एका सुरात ओरडली, ‘काका!’ मिरेल्ला भिंतीला टेकली आणि हसताहसता खाली बसली. त्यांच्या भाषेत ‘काका’ म्हणजे तान्ह्या मुलाची शी. (मी हा शब्द शिकलो नव्हतो. खोक्यांच्या यंत्राला त्याची गरज पडत नाही.) मग म्हटलं, मामा म्हणू. तर मामा म्हणजे आई. नाना म्हणजे बुटकी बाई. अण्णा म्हटल्यावर मात्र तो हसला नाही, कारण आन्ना हे त्याच्या गेलेल्या बायकोचं नाव. शेवटी ऋग्वेदा कंटाळून म्हणाली, “जस्ट कॉल हिम बाबा, यार!” तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. बाबा हा त्यांच्याकडे रममध्ये भिजवलेला केक असतो, आणि नेपल्समध्ये एखादं माणूस जिवाभावाचं असलं तर त्याला म्हणतात, तू अगदी बाबा आहेस. तेव्हापासून तो सगळ्या मंडळाचा बाबा आहे, आणि अर्थ दोन्हीकडून बरोबर आहे.

तालमीला मी त्याला नेलं त्याचं कारण असं की या वर्षीची एकांकिका मी लिहिली होती. मुलगी परदेशी निघाली आहे आणि बाप तिला विमानतळावर सोडायला आला आहे, इतकीच. बापाचं काम शिरीष करणार होता, त्याला ऐनवेळी वेलिंग्टनला नोकरी लागली. उरलेले सगळे चाळिशीचे, केस रंगवलेले. त्यांतला एकही कोणाचा बाप वाटत नाही, स्वतःच्या मुलांचासुद्धा. मी कार्दोनेचं नाव सुचवलं. आमचा अध्यक्ष अनिरुद्ध म्हणाला, “गुरुनाथराव, अहो, त्यांना मराठी येत नाही!” मी म्हटलं, “तुमच्या चिरंजीवांना तरी कुठे येतं? त्याला गेल्या वर्षी तुम्ही चक्क शिवाजी केलात.” ठराव मंजूर झाला. बापाची सगळी वाक्यं मी मुलीला (म्हणजे ऋग्वेदाला, ती घोकून म्हणणार होती) दिली आणि शेवटचं एकच बापाकडे ठेवलं: ‘जा बाळ, मागे वळून बघू नकोस.’

त्याला विचारलं तर तो नाही म्हणाला. लिंबं तोडत राहिला. कुंपणाशी मिरेल्लाने मला जे सांगितलं ते मामा, तुमच्यासाठी नीट लिहितो. त्या काळी त्यांच्याकडे सिनेमात आवाज मागाहून भरत. याची बोली पडली नेपल्सच्या गल्लीतली, म्हणून प्रत्येक सिनेमात याच्या तोंडी दुसऱ्या कोणाचा तरी सुरेख आवाज घातला. चित्रीकरणात तर छोट्या नटांना संवादही देत नसत. नुसते आकडे म्हणायला सांगत. ओठ हलले की झालं. म्हणजे पाद्र्याने मरणाऱ्याला धीर दिला तो एक-दोन-तीन करून, आणि कारकुनाने फाशीचा निकाल वाचला तो चार-पाच-सहा करून. शंभरावर सिनेमे, आणि स्वतःच्या आवाजातला शब्द एकही नाही. त्याला वाटत होतं की त्या सगळ्या लोकांनी ठरवलं ते काही उगाच नसणार. आवाजच वाईट असणार. मिरेल्लाला फक्त इतकं हवं होतं की एकदा, कुठेही, कोणत्याही भाषेत, त्याने तोंड उघडावं आणि लोकांनी ते ऐकावं.

मी मग इटालियनमध्ये त्याला म्हटलं की बदली भाग उपलब्ध नाही. हे वाक्य पुस्तकात शेवटच्या पानावर आहे. तो म्हणाला, ठीक, पण संवाद नंतर, आधी आकडे शिकवा, सवय आहे. ऋग्वेदाने त्याला लिंबं मोजत एक ते दहा शिकवले. (पोरीने मराठी दहापर्यंत सलग म्हटलेलं मीही तेव्हाच ऐकलं.) मग मी वाक्य घेतलं. मामा, ‘बाळ’मधल्या ळ ने आमचा जीव घेतला. तो ‘बाल’ म्हणायचा. मी म्हटलं, बाल म्हणजे हिंदीत केस; केस नव्हे, लेकरू. त्याला वाटलं टक्कल पडणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. अखेर एके सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करताना त्याला ळ सापडला. तो नाइटगाउनवर रस्त्यात येऊन ‘बाळ! बाळ!’ ओरडत राहिला, आणि कोपऱ्यावरचा डेअरीवाला दुकान सोडून बघायला आला.

प्रयोगाच्या दिवशी माउंट रॉस्किलचा हॉल भरलेला. सगळं सुरळीत चाललं. शेवटी ऋग्वेदा पाया पडली, उठली, आणि आता वाक्य. वाक्य येईना. मी विंगेतून ‘जा बाळ’ म्हणून कुजबुजलो, पण नवशिक्याची कुजबुज ती. पुढच्या तीन रांगांना ऐकू गेली आणि त्याला नाही, कारण विंग त्याच्या बहिऱ्या कानाकडे. त्याचे ओठ हलायला लागले. मग त्याने बॅगांकडे बोट केलं आणि म्हणाला, “एक.”

आवाज कसा म्हणाल तर सकाळी सकाळी दुकानाचं शटर उघडावं तसा. घोगरा, खरवडत येणारा, आणि उघडल्यावर आत उजेड. दोन. तीन. चार. बॅगा चारच होत्या, मी स्वतः ठेवल्या होत्या. पण तो थांबला नाही. बोट बॅगांवरून मुलीकडे गेलं, तिच्या चपलांकडे, केसांकडे, तो मोजत राहिला. पाच. सहा. आठ. (सात गाळला.) नऊवर आवाज चिरला आणि तो गप्प झाला. मग मागच्या रांगेत कोणी तरी हुंदका दिला आणि तिथून तो पसरतच आला. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या बापाने कधी तरी विमानतळावर बॅगा मोजल्या होत्या, पुन्हा मोजल्या होत्या, कारण दुसरं काय बोलायचं ते सुचत नव्हतं. अनिरुद्ध चष्मा पुसत विंगेत आला आणि म्हणाला, “गुरुनाथराव, काय लिहिलंयत हो!” मी मान झुकवली. अशा प्रसंगी तपशिलात शिरू नये.

मिरेल्ला पहिल्या रांगेत होती. म्हणाली, जो आवाज फक्त स्वयंपाकघरात ऐकला तो आज पहिल्यांदा रंगमंचावरून ऐकला. बाबा रात्री आमच्याकडे मोदक खात होता. चौथ्या मोदकावर त्याला वाक्य आठवलं आणि तो ते ळ सकट, अगदी स्पष्ट म्हणाला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोडक्यात, देवाच्या आणि तुमच्या कृपेने सगळं छान चाललं आहे. कसलीही अडचण नाही, काहीही पाठवायला नको.

तुमचा भाचा,
गुरुनाथ

ता. क. अडचण एक आहे. पुढच्या गणपतीला बाबाला मोठं काम हवंय, पूर्ण पानभर वाक्यं. त्यासाठी प्रॉम्प्टर लागेल आणि माझी कुजबुज तर तुम्ही वर वाचलीच. शंभर सिनेमांत ज्याचा तोंडवळा दिसला आणि आवाज नाही, त्याच्या पाठीशी चाळीस वर्षं विंगेतून ज्याचा आवाज पोचला आणि तोंडवळा दिसला नाही असा माणूस बसावा, हे मला तरी न्याय्य वाटतं. विचार करून कळवा. घाई नाही.

ता. क. दुसरा. तिकीट काढलं आहे. मोतीबिंदू त्याआधी उरका.

ता. क. तिसरा. तुम्ही आल्यावर बाबा तुम्हाला मामा म्हणणार नाही, त्याचं कारण वर लिहिलंच आहे. तुम्हीही त्याला चुकून काका म्हणू नका.

ता. क. शेवटचा. एकांकिका कुठून सुचली असं अनिरुद्धने विचारलं, मी सांगितलं नाही. तुम्ही मला मुंबईला विमानतळावर सोडायला आला होतात, तेव्हा माझ्या बॅगा दोन होत्या आणि तुम्ही सहापर्यंत मोजलंत. येताना तुम्ही दोनच आणा. इकडे दारात मी उभा असेन, आणि मी कितीवर थांबेन ते आत्ताच सांगता येत नाही.