जांभळा स्वेटर

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, थंडीची काळजी करू नकोस. इथे निवडणूक आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी आमचा स्वयंसेवकांचा गट दारोदार फिरून लोकांना मतदानाची आठवण करून देतो. कुणाला मत द्या, हे मात्र चुकूनही सांगायचं नाही.

पहिल्याच दिवशी तू विणलेला जांभळा स्वेटर घालून गेले, तर लोक मला बघून धाडधाड दारं लावायला लागले! जांभळा रंग इथल्या एका पक्षाचा निघाला. गटाच्या ताई म्हणाल्या, "काढ आधी तो!" मग काय, उरलेली गल्ली कुडकुडत फिरले. (रागावू नकोस, आता साधा कोट घेतलाय.)

शेवटच्या घरातल्या आजींनी मला आत ओढून गरम चहा दिला. आजोबा गेल्यापासून त्यांनी मतच दिलं नव्हतं. "ते सांगायचे, तिथे मी द्यायचे. आता तूच सांग."

"आजी, ते तुम्हीच ठरवायचं."

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. काल मात्र एकट्या जाऊन मत देऊन आल्या. कुणाला, ते मी विचारलं नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? आपल्याकडेही मतदान आलंय ना? बाबांबरोबर जरूर जा. पण मत कुणाला दिलंस, ते मला सांगू नकोस. बाबांनाही नको.

स्वेटर आता घरातच घालणारी,
तुझी धाकटी