सुई जरा वर आहे, एवढंच

२ मे, रविवार
आज गाडी तापली. सिग्नलला उभे असताना बॉनेटखालून वाफ. मागच्यांनी हॉर्नचा नुसता भडिमार केला. ही म्हणाली, धूर येतोय. मी शांतपणे सांगितलं की धूर वेगळा आणि वाफ वेगळी. तो फरक ऐकायला ती गाडीत थांबली नाही.

काळजीचं कारण नाही. ऑफिसात एसीच्या तक्रारींची फाइल माझ्याकडे असते. म्हणजे कूलिंग हा माझाच विषय.

सोळा तारखेला कन्येला तिच्या नोकरीच्या गावी सोडायचंय. चार तासांचा रस्ता, मध्ये मोठा चढ. मीच सोडणार, हे तिला नोकरी लागली त्याच दिवशी जाहीर केलंय. तिचा मामा आपल्या नव्या गाडीने सोडतो म्हणत होता. स्पष्ट नको म्हटलं. गेली दोन-तीन वर्षं आम्हा बापलेकीचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘हो’. चार तास शेजारी बसली की बोलेल. गाडीत बोलायला बरं पडतं. दोघांनी समोर बघायचं असतं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

३ मे, सोमवार
बॉनेट उघडलं. उघडायचा खटका शोधण्यातच सकाळ गेली. तो ड्रायव्हरच्या पायाशी असतो. टेकण द्यायची दांडी जागेवर बसेना, म्हणून झाडू लावला.

पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत! बादलीने पाणी ओतलं. यात कूलंट नावाचं हिरवं पाणी घालायचं असतं म्हणे. कंपन्यांचे धंदे सगळे. पाणी ते पाणी. प्रश्न मिटला.

आणखी एक चांगली खूण. गाडी उभी राहिली की पुढून एक घरघर यायची, ती हल्ली येत नाही. इंजिन पूर्वीपेक्षा शांत झालंय.

५ मे, बुधवार
पुन्हा तापली. तीही ऑफिसच्या दारात, साहेब बघत असताना. घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी मनगटावर. मलम लावताना ही म्हणाली की गरम असताना उघडू नका असं त्या झाकणावरच लिहिलंय. असेल. चष्मा कुठे होता? पण एक सिद्ध झालं, झाकण दाब उत्तम धरतं. ते बदलायला नको.

कन्येने विचारलं, फार भाजलं का. छे, म्हटलं. मग ती मोबाइलकडे वळली. फार भाजलं म्हणायला हवं होतं.

७ मे, शुक्रवार
हिच्या हट्टापायी मेकॅनिककडे गेलो. फोन कानाला लावूनच त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडी ठेवून जा, बुधवारपर्यंत बघू, म्हणाला. वर टायर बदला, सीट कव्हर बदला, आणि जमलं तर गाडीच बदला. यांच्या तावडीत एकदा गाडी गेली की नसलेले आजारही निघतात. परत घेऊन आलो. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. स्वतःच बघायचं.

८ मे, शनिवार
व्हिडिओत एकजण सांगत होता, इंजिन तापलं की हीटर फुल लावा. इंजिनची उष्णता गाडीत येते आणि तापमानाची सुई खाली उतरते. अगदी शास्त्रशुद्ध. हिला सामान आणायला घेऊन गेलो. बाहेर ऊन मी म्हणतंय, आत हीटर, काचा खाली. सुई खरोखर उतरली! हिला म्हटलं, बघ, बघ. ही बघण्याच्या मनःस्थितीत नव्हती. येताना पिशव्या गाडीत टाकल्या आणि चालत निघाली. माझ्याआधी घरी पोचली, कारण मला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

शास्त्राला घरातूनच विरोध होतो.

१० मे, सोमवार
कन्येच्या बॅगा हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्यात. घर आत्तापासूनच खायला उठतंय.

ती सहज म्हणाली, बाबा, मी बसने जाते ना, तुम्हाला कशाला दगदग. झालं, माझा तोल गेला. बापावर एवढाही विश्वास नाही का, इथपासून सुरुवात केली ती कुठल्या कुठे गेलो. ती आत गेली. दार लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की, तुला मी सोडणार, मला बरं वाटेल. आता गाडीतच सांगीन.

निश्चय: उद्यापासून आवाज चढवायचा नाही.

११ मे, मंगळवार
सकाळी दूधवाल्यावर आवाज चढला. तो बाहेरचा माणूस, धरायचा नाही.

आज गाडीत नुसता बसून शांतपणे विचार केला. गाडी चालते. ब्रेक लागतो. मग अडतंय कुठे? तर त्या सुईपाशी. सुई जरा वर गेली की ही शेजारून ‘अगं बाई’ म्हणते. ते ऐकून मी घाबरतो. घाबरलो की गाडी थांबवतो. गाडी स्वतःहून आजवर एकदाही थांबलेली नाही. म्हणजे बिघाड इंजिनात नाहीच, आमच्या मनात आहे. ऑफिसात लिफ्टचा लाल दिवा सारखा लागायचा. आम्ही त्यावर काळी चिकटपट्टी लावली. तेव्हापासून एक तक्रार नाही. आम्ही सगळे जिन्याने जातो, ते वेगळं.

तशीच पट्टी सुईवर लावली. गावाला एक चक्कर मारून आलो. किती हलकं वाटलं! गाडी अजिबात तापली नाही. निदान दिसलं तरी नाही.

१३ मे, गुरुवार
रजा टाकून गावाबाहेरच्या चढावर चाचणी घेतली. पहिला अर्धा चढ झकास. मग गाडी जोर धरेना. दम लागलेला माणूस जिन्यात करतो तसं करायला लागली. मागून पांढरा धूर. काळा असता तर चिंता होती. पुढच्या वळणावर बंद पडली ती पडलीच. पाणी ओतलं, थोपटलं, समजावलं, शेवटी शिव्या दिल्या. एका टेम्पोवाल्याने दोर बांधून घरापर्यंत ओढून आणली. सगळी गल्ली गॅलरीत.

ऑइलची पट्टी काढून बघितली. परवापर्यंत काळंकुट्ट होतं, आज दुधाच्या कॉफीसारखं दिसतंय. म्हणजे आतून साफ होत असावं. उद्या चालू होईल.

पाठ धरलीय. जेवण गेलं नाही. कन्येने पाणी आणून दिलं, जरा उभी राहिली. काही बोलणार होती बहुतेक. मी डोळे मिटून घेतले होते, दमलो होतो.

१४ मे, शुक्रवार
मेकॅनिक घरी आला. आज चक्क फोन खिशात. म्हणाला, ऑइलमध्ये पाणी शिरलंय, हेड गॅस्केट गेली. इंजिन अख्खं उघडावं लागणार, महिना कुठे गेला नाही. मग इकडेतिकडे चाचपून म्हणाला, मुळात रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज उडालाय, पंखा फिरतच नव्हता. सुरुवातीला एवढंच होतं. म्हणजे ती घरघर पंख्याची होती. हे त्याला सात तारखेलाच दिसायला हवं होतं. त्याची चूक मी मोठ्या मनाने काढली नाही. सुईवरची पट्टी त्याने नखाने उचकटून बघितली. ही कोणी लावली, असं विचारलं. आधीपासून असावी, म्हटलं.

हिने भावाला फोन केला. तो त्या नव्या गाडीने फिरायला निघून गेलाय. भावजींनीच नको म्हटलं होतं, असं म्हणाला. खरंच आहे ते.

कन्येने बसचं तिकीट काढलं. मी म्हटलं, मीही येतो. पण बसमध्ये एकच जागा उरली होती. तिने बॅगेची चेन लावली. टोमणाही नाही.

१६ मे, रविवार. दुपारी
ही मुद्दाम घरी थांबली. म्हणाली, तुम्ही दोघं जा, जरा बोला एकमेकांशी.

टॅक्सीत बोलता आलं नाही. टॅक्सीवाला ऐकत होता.

स्टँडवर बस आली ती वाफ सोडतच! ड्रायव्हरने खाली उडी मारली आणि अर्ध्या तासाची निश्चिंती झाली म्हणून सांगितलं. चार तास गेले, पण अर्धा तास मिळाला. देव पावला म्हटलं. कन्येने बाकावर माझ्यासाठी जागा केली. बॅग मांडीवर घेऊन सरकून बसली. बाबा, बसा ना, म्हणाली.

आलोच, म्हटलं. एकदा नुसतं बघून येतो.

आता तिथे माझ्याइतका अनुभव कुणाला होता? झाकण आत्ता उघडू नका, हे मी सांगितलं. पंख्याचा फ्यूज बघा, हेही सांगितलं. बसला त्या जागी फ्यूज नसतो म्हणे. गळका पाइप मीच धरून ठेवला. ड्रायव्हर दोन-तीनदा म्हणाला, काका, बाजूला व्हा. पण पाइप सोडून कसं चालेल? शेवटी त्याने तार गुंडाळली, पाणी भरलं आणि बस चालू केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

वळून बघतो तर बाक रिकामा. कन्या आत, खिडकीशी. मी खिडकीखाली धावलो. तिने हात बाहेर काढला. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. धरणार कसा? नुसता हलवला. तिने खूण केली, घरी जा आता, ऊन आहे. बस निघाली. छान निघाली, अजिबात धूर नाही.

हात धुवायला साबण कुठेच मिळाला नाही.

१६ मे. संध्याकाळी
कन्येचा फोन आला. पोचले म्हणाली. मी विचारलं, वाटेत बस तापली का? नाही म्हणाली. मग तीही थांबली, मीही थांबलो. हो का, बरं, म्हटलं आणि फोन हिच्याकडे दिला.

ही फोन घेऊन आत गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या.