तुझ्या नावाने आलेला मेल

प्रिय ठमे,

तुझ्या जाऊबाईंच्या वाढदिवसाचे फोटो पाहिले. खाली ‘सख्ख्या बहिणीहून जवळची’ असं लिहिलंयस. छान. मीही मुकाट्याने अंगठा उमटवला. सख्खी बहीण अजून हयात आहे, एवढं कळवावं म्हटलं.

आईचे गुडघे कुरकुरतात, पण तुझा फोन आला की त्याच गुडघ्यांनी ती गॅलरीत धावते. माझ्या ऑफिसात टॅक्सची विवरणपत्रं भरायची झुंबड आहे. रोज कुणीतरी मोबाइल पुढे करतं. रिफंड मंजूर झालाय, इथे दाबा. नोटीस निघालीय, आजच भरा. माझी पोपटपंची ठरलेली: जो घाई करतो, घाबरवतो आणि वर कुणाला सांगू नका म्हणतो, तो चोर. मेलमधल्या लिंकला हात लावायचा नाही, आयकर खात्याच्या साइटवर आपण स्वतः जाऊन बघायचं आणि ओटीपी सख्ख्या भावालाही द्यायचा नाही. भिंतीवर तशी पाटीच लावली आहे.

त्याच पाटीखाली बसून मंगळवारी मी तुझा मेल उघडला. तुला टॅक्सची नोटीस आली होती, संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर खातं गोठवणार होते. फोन करू नकोस, घरात कुणालाच सांगितलेलं नाही, असं लिहिलं होतंस. कुणालाच, म्हणजे जाऊबाईंनाही नाही! ठमे, खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. तू संकटात आणि मी खुशीत. दिलेली लिंक उघडली, कार्डाचा नंबर घातला. ओटीपीसुद्धा आला.

तेवढ्यात मेलची शेवटची ओळ पुन्हा वाचावीशी वाटली. ‘ताई, तुझ्याशिवाय मला कोण आहे?’ दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचताना हात थांबला. लग्नाचा शालू घ्यायला तू मैत्रिणीला नेलंस, बाळाचं नाव जाऊबाईंना विचारलंस. असं वाक्य तू मला जन्मात लिहिलेलं नाहीस. मग पत्ता नीट पाहिला. नाव तुझं, पत्ता भलत्याचाच. घाई, भीती, गुपचूप, सगळं माझ्या पाटीबरहुकूम होतं आणि मला एक अक्षर दिसलं नव्हतं.

कार्ड बंद केलं आणि तुला फोन लावला. उचलला कुणी? जाऊबाईंनी. तू अंघोळीला गेली होतीस. म्हणाल्या, मला सांगा ना, ती माझ्यापासून काही लपवत नाही. मी ‘काही नाही’ म्हटलं आणि फोन ठेवला. जळफळाट झाला माझा, झाला तर झाला.

तेव्हा आधी कामाचं. तुझ्या मेलचा पासवर्ड आजच बदल, आणि तुझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर आधी तुला फोन करायला सगळ्यांना सांग. जाऊबाईंनासुद्धा. आता दुसरं, ज्यासाठी खरं तर हे पत्र. असे मेल लगेच पुसून टाका, असं मी जगाला सांगते. तो मेल मात्र मी अजून पुसलेला नाही, त्या एका ओळीसाठी. ती ओळ तू एकदा तुझ्या हाताने लिहून पाठव. मग चोराची पुसून टाकीन.

तुझीच, कुणी काहीही म्हणो,
सख्खी ताई