टेम्पोत चढण्याआधीची दवा

अण्णा, आज दवाखान्यात एक बाई आली होती. तिला टेम्पोनं बोकड लासूर स्टेशनच्या बाजारात न्यायचे होते. मी नेहमीचं सांगितलं. एक-दोन दिवस आधीपासून प्यायच्या पाण्यात जीवनसत्त्वांची दवा घाला, ऊन चढायच्या आत गाडी भरा, दाटीवाटी करू नका. आणि लघवी पिवळीजर्द झाली तर घाबरू नका, जास्तीची दवा तशीच बाहेर पडते. हे शेवटचं बोलताना तुम्ही आठवलात. आत काही हललं वगैरे नाही. आठवलात, एवढंच.

मी नवीनच जनावरांची डॉक्टर झाले होते. पडेगावहून लासूरला पोचेपर्यंत तुमचे बोकड उन्हानं आणि धक्क्यांनी गळून जायचे, पाल्याला तोंड लावायचे नाहीत, आणि गिऱ्हाईक पाठीवरून हात फिरवून पुढं निघून जायचं. म्हणून मी या दवेची बाटली आणली. तुम्ही झाकणातला थेंब आधी स्वतः चाटलात, तोंड वाकडं केलंत आणि मग बादली पुढं सरकवलीत.

बाजारात बोकड उड्या मारत उतरले. मी हरखूनच गेले. तेवढ्यात एक मुतला, हळदीचं पाणी सांडावं तसं, आणि त्याची पाठ चाचपणारा व्यापारी हात झटकून उठला. कावीळ आहे म्हणाला. तुम्ही छाती काढून म्हणालात, "बीमार नाय. माझी पोरगी डाक्टर हाय, तिनं दवा पाजलीय." झालं. दवा दिली म्हणजे बीमारच, हे सगळ्या बाजाराला पटलं. मी मूत्रपिंडाचं काहीबाही समजावत राहिले आणि लोक सरकत राहिले. सगळे बोकड परत टेम्पोत चढले, तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. वाटेत एवढंच बोललात, "तिथं तू बोलाया नको व्हतंस. म्या बोलत व्हतो ना."

मला वाटलं, संपलं. आता अण्णा मला कळपाजवळ फिरकू देणार नाहीत, शिकलेलं सगळं लोकांच्या गोठ्यात वापरायचं. पण पुढच्या बाजाराआधी बाटली तुम्हीच मागितलीत. आणि टेम्पोतून उतरल्या उतरल्या, कुणी विचारायच्या आत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलात, "पिवळं मुतत्याल, आधीच सांगतो. पोरीची दवा हाय." लोक हसायचे. पुढं पुढं तर चहावाला लांबूनच विचारायचा, आज पिवळे का पांढरे. तुम्हाला ते आवडायचं. बोकडही विकले जायचे.

तुम्ही गेलात आणि कळपामागं हिंडणारं कुणी उरलं नाही. शेळ्यांसकट सगळा कळप मीच विकला. आधी दवेचं पाणी पाजलं, गाडीत कोवळा पाला टाकला, एकेकीला हातानं चढवलं. सगळ्या माझ्या हाताला सरावलेल्या. शांत चढल्या, शांत उभ्या राहिल्या. लई गुणाची जनावरं, व्यापारी म्हणाला. मी हो म्हटलं.

हे पत्र तुम्हाला कुठं पाठवणार? घडी करून टेबलाच्या खणात ठेवीन. एवढंच सांगायचं राहतं की, गाडी वळेपर्यंत मी रस्त्यावर उभी होते आणि एखादीनं तरी मागं बघून ओरडावं असं मला वाटत होतं. तुम्हाला शेवटचं नेलं तेव्हा मला तसं ओरडणं जमलं नव्हतं.