उत्तरेकडच्या भिंतीतला पाइप

२९ डिसेंबर
आलो एकदाचा! झेनन बायकोला घेऊन ॲरिझोनाच्या उन्हात पाय पसरायला गेला, आणि हिवाळाभर घर सांभाळायला त्याला थोरला भाऊ फुकटात मिळाला. घरात रोज कुणीतरी फिरकलं पाहिजे ही विमावाल्यांची अट. नळ गोठून फुटले तर ते हात वर करतात. म्हणून ही वही. माझं काय जातंय! बायको गेली, नोकरी संपली. इथे उबदार घर आहे आणि फ्रीजभर सॉसेज. शेजारच्या स्तेफकाबाई पेरोगींचं, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचं, पातेलं घेऊन आल्या. नेस्तोर, किती वाळलास रे, वाऱ्यानं उडशील, म्हणाल्या. मग सहज विचारलं, आईला पुरल्यानंतर आजच आलास ना. हो म्हणालो. पेरोगी छान होत्या.

३१ डिसेंबर
सकाळी घर थंडगार. तळघरात घर तापवणाऱ्या फर्नेससमोर बैठक मारली. चाळीस वर्षं हेच दुरुस्तीचं काम केलंय. पंखा फिरतो, गॅस पेटवणारी कांडी लालबुंद होते, गॅस येतो, ज्योत धरते आणि चार सेकंदांत विझते. असं तीनदा, मग यंत्र रुसून बसतं. ज्योत ओळखणारी सळई मळली होती. ज्योत आहे, पण यंत्राला ते पटत नाही. सळई घासली, पेटलं. झेननला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, दादा, तुझी डॉक्टरकी पुरे, नुसतं बघत जा.

२ जानेवारी
पुन्हा बंद. या वेळी कांडी तापतच नाही. म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप तुंबलाय. तो मोकळा होईपर्यंत एक छोटा स्विच पुढचं काही होऊ देत नाही. बाहेर उणे चौतीस. उत्तरेकडच्या भिंतीतला पांढरा पाइप बर्फानं भरलेला. साफ करायला वाकलो तर बर्फावर बोटांचे ओरखडे. चार लांब, करंगळीचा अर्धाच. भोवती पावलं फक्त माझी.
मामची, आमच्या आईची, उजवी करंगळी सॉसेजच्या यंत्रात अर्धी गेली होती.

४ जानेवारी
कालही तेच, आजही तेच. ओरखडे ताजे.
लिहूनच टाकतो. गेल्या जानेवारीत झेनन असाच उन्हाला गेला होता. माम या घरात एकटी. फर्नेस पेटेना म्हणून तिनं मला फोन केला. माझ्याकडून दोन तासांचा रस्ता. मी म्हणालो, बटण खालीवर कर. दुसऱ्यांदा म्हणालो, पाइपात बर्फ असेल, कुणाला तरी काढायला सांग. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही, हॉकीचा सामना रंगात होता. स्तेफकाबाईंना ती भिंतीशी सापडली, गोठून गेलेली, गुडघ्यांवर, हात कोपरापर्यंत पाइपात.
झेनन म्हणतो, तू मारलंस. मी म्हणतो, तू. दोघंही खरंच बोलतो.
आता ती पाइपात बर्फ कोंबते. तेव्हा आलो नाही, म्हणून रोज बाहेर ओढते. सूड आहे हा.

५ जानेवारी
उणे एकोणचाळीस. नाही जात बाहेर. भर दुपारी पाइपात खरवडल्याचा आवाज – तळघरापर्यंत.
वायर जोडून स्विच बाद केला. पेटलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर मी त्याचं लायसन घालवलं असतं. विषारी वायूचा अलार्म किंचाळायला लागला, उपटून अंगणात फेकला. तळघराची खिडकी बोटभर उघडलीय. एका दिवसाचा तर प्रश्न.
स्तेफकाबाई दारातूनच बोलल्या. उद्या आपली जुन्या पंचांगाची नाताळची संध्याकाळ, गेलेल्यांचं मांडतात तसं आईचं पान मांड, मध-खसखस घालून गहू शिजव. मी म्हणालो, ती माझ्यासमोर जेवायला बसेल? त्या म्हणाल्या, आई आहे रे ती, तुझी शत्रू नाही.

६ जानेवारी, दुपार
डोकं फुटतंय. दोनदा उलटी. खिडकी बर्फानं बुजली – हे काय आहे ते मला कळतंय. आयुष्यभर लोकांना सांगत आलो. तळघराच्या पायऱ्या आठच, पण पाय –

खरवडणं थांबत नाही. घाईघाईनं. कोंबताना असा आवाज येत नाही. हा उकरण्याचा –

वारा कोंबत होता. ती काढत होती. रोज. माझ्यासाठी. आणि मी तिला –

अजून उकरतेय. म्हातारी. एकटी.

माम, राहू दे. आत ये. निदान हातमोजे तरी घाल, मा