हॉलचा नियम

आबा,

काल परीक्षेच्या देखरेखीसाठी त्याच इमारतीत गेले होते, आणि पायऱ्या चढतानाच तुमच्यावर पुन्हा चिडले. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्यावर असं चिडता येतं, हे तुमच्यामुळेच कळलं.

मी मॅट्रिक झाले होते. दहिवलीची आत्या स्थळ घेऊन बसली होती आणि वैशाखात बार उडवायचाच, असं तिनं ठरवलं होतं. थोरल्या बहिणीपुढे तुमचं कधी काही चाललं नाही. तरी 'बघून तर येऊ' म्हणालात आणि कडावहून एसटी बदलत आपण खालापूरच्या पुढं गेलो. विद्यापीठाची नवीकोरी बहुउद्देशीय इमारत, भिंतींना अजून चुन्याचा वास. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी नव्यांना ती फिरवून दाखवत होती. मी शिकणार की बोहल्यावर चढणार, हे त्या दिवशी तुम्ही ठरवणार होतात. आणि तुम्ही? वाचनालयात जांभया दिल्यात. प्रयोगशाळेत नळ सोडून बघितलात आणि बंद करायला विसरलात.

मग तिनं खालचा मोठा हॉल उघडला. इथं सकाळी परीक्षा, दुपारी बॅडमिंटन, गॅदरिंगला नाटक, आणि सुटीत लग्नालाही देतात, असं ती सहज बोलून गेली. झालं! तुम्ही खडबडून जागे.

"पंगत किती पानांची बसंल गं बाय? आन आचारी कुठं बसवायचा?"

तिला हसू आवरेना. तुम्ही धोतर सावरत बॅडमिंटनच्या रेघांवरून पावलं टाकत हॉल मोजायला लागलात. मी दबक्या आवाजात म्हणतेय, "आबा, चला ना!" तर म्हणे, "थांब गं. पंखे बघ किती हायत!" मी शिकायला आलेली आणि माझा बाप माझ्याच लग्नाचा हॉल ठरवतोय. मी तडक व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आत शिपायाशी तुम्ही काय बोललात, ते काही मला ऐकू आलं नाही. परतीच्या एसटीत मी मुद्दाम तुमच्यापासून लांबच्या बाकावर बसले.

आत्या आपल्या घरच्या ओटीवर वाट बघत होती. तुम्ही चपला काढायच्या आधीच सुरू झालात. "आक्के, हॉल म्हंजी काय सांगू! वर पंखे, पुढं मखमली पडदा. पन नियम हाय. ज्याची पोरगी तिथनं पदवी घेऊन पास व्हईल, त्यालाच लग्नाला देत्यात."

आत्यानं मान वर करून ओटीच्या आढ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग शिकू दे. आपल्यात कुनाचं लगीन पंख्याखाली झालं नाय."

माझं शिक्षण असं पंख्यांवर ठरलं. मी धुसफुसत शिकले. वाटायचं, ही पदवी नाहीच, हॉलचं भाडं आहे. पदवी हाती यायच्या आधीच तुम्ही गेलात. लग्न पुढं कडावला अंगणातच झालं, कारण नवऱ्याकडच्यांना एवढ्या लांब यायचं नव्हतं.

काल पेपर जमा करताना तिथल्या जुन्या कारकुनाला सहज विचारलं. तो हसायलाच लागला. "असा नियम? बाई, कधीच नव्हता. मागेल त्याला देतो की."

आबा, मला तरी सांगायचंत! कोपऱ्यात घेऊन, एका वाक्यात. तुमचं पोट होतं की भाताचं पेव, आत गेलेलं बाहेरच येईना? तुमच्याबरोबर मी एकदा तरी हसले असते. आता या वयात कुणाशी भांडू आणि कुणाच्या गळ्यात पडू?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि घरात ठेवण्याजोगंही ते राहिलं नाही. कारण येताना मी दहिवलीला उतरले. आत्या थकलीय, पण आवाज तोच. तिच्या धाकट्या नातीला स्थळ आलंय. पोरगी दाराआड उभी होती, डोळे रडून सुजलेले.

आत्यानं विचारलं, "त्या हॉलचा नियम अजून तसाच हाय काय गं?"

मी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तसाच हाय, आत्या. आता तर पहिल्या वर्गात पास व्हावं लागतं."